आधी घरच्या गंजाला

इंझोरीत गफ्फार कल्हईवाल्याने भट्टी लावून दोन दिवस झाले, तरी एक भांडं आलं नाही.

असं कधी झालं नव्हतं. दरसाल माघ लागला की तो बायकोला आणि तट्टाला घेऊन कारंज्याहून निघायचा. इंझोरीच्या चिंचेखाली खड्डा खणून त्यात भात्याची नळी बसवतो न बसवतो तोच बाया भांडी घेऊन हजर. कुणाचा रांधायचा गंज आधी, कुणाची परात आधी, यावरून झिंज्या धरायच्याच बाकी राहायच्या. गफ्फार मिशीत हसत बसायचा. आपल्यावरून बाया भांडतात, एवढंच सुख गावोगाव हिंडणाऱ्या माणसाला.

यंदा चिंचेखाली फक्त तट्टू, भाता आणि भात्याशी बसलेली जैतुनबी. तिला सातवा महिना लागला होता. आधीची दोन पोटं पाचव्याच्या पुढे गेली नव्हती. हे सातव्यात आलं म्हणून ती कुणाशी त्याबद्दल बोलत नव्हती, मोजतही नव्हती, निदान मोठ्याने तरी. अशा दिवसांत बाईने घरी बसावं. पण भाता ओढायला दुसरं होतं कोण?

तिसऱ्या दिवशी सकाळी चंदाबाई आली. ही वाडीच्या टोकाला दोन नातींना घेऊन राहणारी म्हातारी, मजुरीवर जगणारी. तिच्या खोपटात पितळेचा लोटासुद्धा नव्हता, सगळा स्वयंपाक मडक्यात. कल्हईवाल्याशी तिचं काडीचं काम नव्हतं, म्हणून तीच खरं बोलू शकत होती.

"भाऊ, कोनी येनार नाई," ती म्हणाली. "गाव म्हन्ते, तुया कल्हईनं पोट धरते."

"कोन म्हन्ते?"

"सारेच म्हन्तात. हेमसिंगच्या घरी जाऊन पाय. त्याची माय, बायको, तो, तिघायचंबी पोट दुखून राह्यलं. अन् त्याच्या हाताले का झालं तेबी पाय."

"हीरीच्या पान्यानं झालं असन."

"हीर तं माईबी तेच हाय," चंदाबाई म्हणाली आणि पोट थोपटून दाखवलं. "मले काई झालं नाई. माया नातीले काई झालं नाई. मडक्यातलं खातो आमी."

गफ्फारला राग आला. माणूस वाईट नव्हता, पण हाताच्या कामावर कुणी बोट ठेवलं की त्याचं डोकं फिरायचं. राग यायला अजून एक कारण होतं, ते त्याच्या पोटात होतं.

दोन वर्षांपूर्वी जपान्यांनी मलाया घेतलं, आणि कारंज्याच्या बाजारात कथील मिळेनासं झालं. कथलाशिवाय कल्हई म्हणजे पिठाशिवाय भाकर. गफ्फारने शिसं घातलं. जुन्या चहाच्या पेट्यांना आतून शिशाचा पातळ पत्रा असतो, तोच वाण्यांकडून मागून आणायचा आणि वितळवायचा. शिसं त्याच्या बापानेही घातलं होतं, सोळा वाट्यांना एक वाटा, रस चांगला पसरावा म्हणून. गफ्फारने पहिल्या वर्षी चौथा वाटा घातला, मग निम्मं, यंदा तर कथील नावालाच राहिलं होतं. पण तो काही लबाड नव्हता. बापाने घालून दिलेला नियम त्याने एकदाही मोडला नव्हता: नवं मिश्रण केलं की आधी घरच्या गंजाला लावायचं, आठ दिवस त्यात आंबट शिजवून घरच्यांनी खायचं, मगच गिऱ्हाइकाच्या भांड्याला हात लावायचा. कल्हई नीट बसली नसेल तर आंबटाने तांबं सुटतं आणि दुसऱ्याच दिवशी उलट्या होतात. त्या हिशेबाने आठ दिवस पुष्कळ झाले. गफ्फार आणि जैतुनबी आठ दिवस अंबाडीची भाजी आणि कढी खायचे, उलटी होत नसे, आणि तो खुशाल गावोगाव निघायचा.

"चाल वं," तो जैतुनबीला म्हणाला. "हेमसिंगच्या घरी जाऊ. काय म्हन्ते पाहू."

हेमसिंग गावातला खाऊनपिऊन सुखी शेतकरी, आणि गफ्फारचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्याच्या बायकोला, रुपाबाईला, भांडी लखलखीत लागत. इंझोरीला गफ्फार येई तेव्हा तर लागतच, पण हेमसिंग कापसाची गाडी घेऊन कारंज्याला गेला की भांड्यांचं एक बोचकं गाडीत असायचंच. वर्षातून तीन-तीन वेळा कल्हई. इतर घरं एकदा करायची आणि जपून जपून वापरायची.

तो ओसरीवर बाजेवर पडला होता. दीड वर्षापूर्वी हा माणूस कापसाचा बोजा एकट्याने गाडीत टाकायचा. आता चेहरा राखेसारखा झालेला. पलीकडे त्याची म्हातारी आई गोमतीबाई गुडघे पोटाशी घेऊन पडलेली.

"ये गफ्फारभाऊ," तो म्हणाला. मग उजवा हात वर केला. हात कोपरातून वर आला, पण पंजा मनगटाखाली तसाच लोंबत राहिला, सुकल्या दोडक्यासारखा. "पाय. कासरा धरवत नाई. घास डाव्या हातानं खातो. बैलबी मले हसत असतीन."

गफ्फार त्या पंजाकडे पाहत राहिला. मग जरा मोठ्याने म्हणाला, "अन् हे माया कल्हईनं झालं?"

"गाव म्हन्ते. मी कोठी म्हन्लं?"

"तुमच्या घरी कढी हाय का आज?"

होती. रुपाबाईने चुलीवरचा गंज आणला. आतून चांदीसारखा चमकत होता, गफ्फारचं काम. गफ्फारने खांद्यावरच्या पिशवीतून आपला कटोरा काढला, रुपाबाईने वरून कढी ओतली, आणि ओसरीखाली जमलेल्या पाचसात माणसांसमोर तो उभ्याने ती प्याला. दुसरा कटोरा मागितला, तोही प्याला. मिशा पुसल्या.

"पाय. म्या पेलो. होते का मले काई?"

भांडायची ताकदच हेमसिंगमध्ये नव्हती.

"तू आज पेला भाऊ," तो म्हणाला. "आमी दोन सालापासून पिऊन राह्यलो."

गफ्फारने कटोरा पिशवीत टाकला. माणसं पांगली.

आत चुलीपाशी रुपाबाई जैतुनबीला पाणी देत होती. बोलता बोलता तिच्या हिरड्या दिसल्या, आणि जैतुनबीचा हात तांब्यावर थांबला. दातांच्या मुळाशी बारीक निळसर रेघ होती, शाईने ओढल्यासारखी.

"तुमी मशेरी लावता?" जैतुनबीने विचारलं.

"नाई वं. मले कळू लागलं तवापासून राखेनं दात घासतो." रुपाबाईने उलट तिच्याच तोंडाकडे पाहिलं. "तूच लावत असशीन. तुयाबी तथी निळं हाय."

जैतुनबीने जन्मात मशेरी लावली नव्हती.

ती बाहेर ओसरीवर आली आणि डोक्यावरचा पदर सारखा करत हेमसिंगला म्हणाली, "भाऊ, वठ जरा वर करा." त्याने केला. तीच रेघ. गोमतीबाईला दातच नव्हते, तिथे काही दिसलं नाही. परत येताना वाटेत जैतुनबी नवऱ्याच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"तोंड उघडा."

"काय झालं?"

"उघडा म्हन्तो ना."

गफ्फारने भर रस्त्यात तोंड उघडलं. बाजूने दोन पोरी हसत गेल्या. जैतुनबीने पाहिलं आणि ती चालायला लागली. चिंचेखाली आल्यावर ती भात्याशी बसली नाही, तट्टापाशी जाऊन बसली.

"हेमसिंगभाऊले, रुपाबाईले, तुमाले, मले. चौघायले एकच निशानी," ती म्हणाली. "चंदाबाई हसते तवा तिच्या हिरड्या पाह्यल्या का? साफ लाल. मडक्यात खाते ते."

"मंग? दाताच्या निशानीनं का होते?"

"तुमच्या हातातून सांडशी पडते. दिवाळीपासून तीनदा पडली. मी मोजलं."

"थंडीनं."

"हेमसिंगभाऊचा हातबी थंडीनंच गेला का?"

गफ्फारने नियम सांगितला. बापाचा. आठ दिवस घरच्या गंजात आधी आपण खातो, मग लोकांना देतो, कोणता कल्हईवाला इतका सचोटीचा आहे ते दाखव. तो खरोखरच तळमळून बोलत होता, आणि त्याचं बोलणं अक्षर न अक्षर खरं होतं.

"आठ दिवस तुमी पाह्यता," जैतुनबी म्हणाली. "आठ दिवसांनं गंज फेकून देता का? त्याच गंजात सालभर खातो आपन. पहिलं पोट कवा गेलं आठवते? तुमी चौथा वाटा घातला त्या साली. दुसरं गेलं तवा निम्मं. दर डाव नवं काई करता, अन् आधी माया पोटावर करून पाह्यता."

"जैतून!"

"मी भाता नाई ओढत."

तो ओरडला. काय खायचं, कुठून खायचं, कथील काय झाडाला लागतं का, असं पुष्कळ ओरडला. बाईने असं तोंडावर बोलावं हे त्याला सहन झालं नाही. आणि ती बोलली ते खरं असू शकतं, हे तर त्याहून सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जैतुनबी कुंभाराकडे गेली आणि दोन मडकी, एक परळ घेऊन आली. लपूनछपून नाही, भर गावातून, कमरेवर मडकं घेऊन. चिंचेखाली तीन दगड मांडले आणि त्या मडक्यात डाळ शिजत ठेवली. घरचा गंज पालथा घालून त्यावर ती बसली.

कल्हईवाल्याची बायको मडक्यात रांधते, ही बातमी वाडीत पोचायला डाळ शिजण्याइतकाही वेळ लागला नाही. चंदाबाई मुद्दाम पाहायला आली.

"आता आली आमच्यात," ती म्हणाली आणि जवळ बसून चुलीत काडी सरकवली. हसत होती, पण तिचा हात जैतुनबीच्या पाठीवर होता.

गफ्फारची मान वर होईना. आणि नेमकी त्याच वेळी गावातल्याच प्रेमसिंगची गाडी आली.

प्रेमसिंगच्या पोरीचं, रुख्मिणीचं लग्न आठ दिवसांवर होतं. गावात काय बोललं जातं ते त्याने ऐकलं होतं, पण पोटदुखीचं कारण त्याच्या मते हेमसिंगच्या घरचं अति खाणं. आंदणाची अकरा भांडी त्याने उतरवली. कोरी पितळी भांडी, त्यात एक तर इतका मोठा गंज की त्यात पोर पोहेल.

"अशी कल्हई कर का पोरीची सासू तोंड पाह्यन त्यात," तो म्हणाला, आणि चिंचेच्या मुळावर पान लावत बसला.

गफ्फारने एकदा जैतुनबीकडे पाहिलं. ती गंजावरून उठली नाही. त्याने कोळसा लावला. एका पायाने भाता दाबून पाहिला, पायाने काही धग धरत नाही, तरी रेटलं. पहिली तपेली तापली. नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर निघाला, त्यावर मिश्रणाची कांडी फिरवली. रस पाण्यासारखा पसरला. शिशाचा रस पसरतो छानच. कापसाच्या बोळ्याने पुसायचं तेवढं राहिलं होतं.

सांडशी हातातून सुटली.

तपेली भट्टीच्या काठावर आपटून गडगडत प्रेमसिंगच्या पायापर्यंत गेली. तो पान टाकून उडाला. गफ्फार सांडशी उचलायला वाकला. बोटं सांडशीवर ठेवली, मिटली, आणि वर उचलताना पंजा मनगटातून खाली गेला. पुन्हा उचलली. पुन्हा तेच. काल ओसरीवर पाहिलेला हात आज त्याच्या स्वतःच्या कोपराला लोंबत होता.

जैतुनबी उठून आली. तिने सांडशी उचलली आणि तपेली बाजूला सरकवली. ती बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"प्रेमसिंगभाऊ," गफ्फार म्हणाला, "भांडे घेऊन जा. याच्यात शिसं हाय. कथील नाई."

"शिसं?"

"दोन सालापासून शिसंच हाय. साऱ्यायच्या भांड्याले. हेमसिंगचा हात म्या घालवला."

पुढे जे व्हायचं ते झालं. तासाभरात चिंचेखाली गाव गोळा झालं. शिव्या झाल्या, कुणी भाता खड्ड्यातून उपटून फेकला, कुणी तट्टाला दगड मारला, त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता. एकजण गफ्फारच्या अंगावर धावला, तेव्हा चंदाबाई मध्ये पडली. "मारा," ती म्हणाली, "पन मंग भांड्यातलं ते कोन काढन? तुया बाप?"

हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. भांडी घरोघरी होती आणि आतली चमक तशीच होती.

भांडं मोठं असलं की ते हाताने घासत नाहीत. आत वाळू आणि फडकं टाकायचं, आत उभं राहायचं, कडेला किंवा झाडाला धरायचं, आणि कंबर डावीउजवीकडे फिरवत पायांनी घासायचं. गफ्फारचे पाय शाबूत होते. दुसऱ्या दिवसापासून त्याने गावाची भांडी घासायला घेतली, आपलीच कल्हई आपल्याच पायांनी. चिंचेची खालची फांदी काखेत धरायची आणि सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत फिरत राहायचं. खाली पितळ पिवळं दिसलं की पुढचं भांडं. राखाडी वाळू नाल्यापलीकडे खड्ड्यात पुरायची, हे जैतुनबीने सांगितलं होतं. मजुरी नव्हती. चंदाबाई भाकर आणून द्यायची. बायका भांडी आणून ठेवत आणि न बोलता जात. कुंभाराचं मात्र भलं झालं, त्याला मडकी भाजायचा आवा दोनदा लावावा लागला.

चौथ्या दिवशी हेमसिंग स्वतः आला, गाडीत भांडी घालून. बैल रुपाबाईने हाकले. त्याने आपला मोठा गंज समोर ठेवला आणि मुळावर बसून पाहत राहिला. गफ्फार आत उभा राहून फिरत होता. त्याच्या टाचा फुटल्या होत्या.

"हात केव्हापासून?" हेमसिंगने विचारलं.

"दिवाळीपासून ढिला होता. मले कळलं नाई."

"मलेबी आधी कळलं नाई," हेमसिंग म्हणाला, आणि गंज पिवळा होईपर्यंत बसून राहिला.

सहाव्या दिवशी सकाळी जैतुनबीची कंबर भरली, कळा लागल्या. रुपाबाई आणि चंदाबाईने तिला चंदाबाईच्या खोपटात नेलं. गफ्फार बाहेर उभा होता. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आतून रडणं ऐकू आलं, मांजराच्या पिलाएवढं. त्याने डोळे मिटून अल्लाचं नाव घेतलं. सात महिन्यांचीसुद्धा जगतात, त्याच्या आईनेच अशी एक जगवली होती. तो वाट पाहत राहिला. मग ते रडणं परत ऐकू आलं नाही.

चंदाबाईने खूप वेळाने कापडात गुंडाळलेली पोर त्याच्या डाव्या हातावर ठेवली. "जैतून म्हन्ते, नाव मेहरबी," ती म्हणाली. "तिनं श्वास घेतला, म्हनून नाव पाह्यजे म्हन्ते." आणि ती म्हातारी, जिने स्वतःची चार पोरं मसणात पोचवली होती, भिंतीला डोकं टेकून रडायला लागली.

त्या दिवशी कारंज्याचा बाजार होता. गावातले पुरुष पहाटेच गेलेले. गफ्फारने पोरीला न्हाऊ घातलं, जैतुनबीच्या लुगड्याच्या कापडात गुंडाळलं, आणि फावडं घेऊन नाल्याकाठच्या कबरस्तानात गेला. पोरीला बाभळीच्या सावलीत ठेवलं. फावडं घेतलं. उजव्या हाताने दांडा धरवेना. डाव्याने मारलं तर फावडं आडवं पडे, काळी माती उन्हाने दगड झालेली. त्याने गुडघ्यावर बसून मारून पाहिलं. बोटाएवढी माती निघाली. तो तिथेच बसून हमसून हमसून रडला.

पायांचा आवाज आला. हेमसिंग होता. रुपाबाईने घरी जाऊन सांगितलं असावं. त्याने बाभळीखालच्या बोचक्याकडे पाहिलं, मग वाकून डाव्या हाताने फावडं घेतलं. त्यालाही ते पेललं नाही.

मग हेमसिंगने डोक्याचं पागोटं सोडलं. फावड्याचा दांडा गफ्फारच्या उजव्या मनगटावर ठेवला, आणि पागोट्याचे वेढे देत तो तिथे बांधला, डाव्या हाताने ओढत, दुसरं टोक दातांत धरून. गाठ बसली का ते दोनदा ओढून पाहिलं. मग त्याच पागोट्याच्या उरलेल्या टोकाने आपलं उजवं मनगटही त्याच दांड्याला, जरा खाली, बांधून घेतलं.

"मार," तो म्हणाला.

दोघांनी मिळून मारलं. खड्डा लहानच लागणार होता, पण तो खणायला त्यांना उन्हं कलेपर्यंतचा वेळ लागला.